मूल सांगत असते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाला आपल्याकडे पाककृतींची स्पर्धा होते, मुलांची गाणी होतात आणि शेवटी एखादे भाषण होते. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या नि म्हणाल्या, "बाई, तुम्ही बालवाडीविषयी बोला. दोन गोष्टी सांगा, बडबडगीते म्हणून दाखवा." मी म्हटले, बालवाडीविषयीच बोलेन, पण गोड बोलेन असे नाही. विषय सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "बोला." हा विषय सणाच्या मांडवात काढू देणे ही साधी गोष्ट नव्हे. मी त्यांची ऋणी आहे.

समोर बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या पुष्कळ अंगणवाडी सेविका आणि मदतनीस बसलेल्या दिसतात. माझे बोलणे मुख्यतः त्यांच्याशी आहे. बाकीच्यांनीही ऐकावे, कारण शेवटी मला काही मागायचे आहे ते तुमच्याकडून.

मी इंदापूर तालुक्यात कालव्याकाठच्या एका गावी बालवाडी चालवीत असे. नोकरी नवी होती, वय लहान होते आणि शिस्तीचा अभिमान फार. वर्गात चार वर्षांची एक मुलगी होती. गाण्यात सर्वांत पुढे, आवाज खणखणीत. दिवाळीनंतर तिचे गाणे बंद झाले. मग ती वर्गात झग्यातच लघवी करू लागली. दुपारी सुटायच्या वेळी इतर पोरे चपला शोधायला धावत, तेव्हा ही माझ्या पदराला धरून उभी राही आणि म्हणे, "बाई, मला नगं घरी." तिला न्यायला घरातलेच एक माणूस येई. मला वाटले, लाडावली आहे. झगा ओला केला म्हणून मी तिला एक दिवस सगळ्यांसमोर रागावले आणि आईला बोलावून म्हटले, "हिला जरा वळण लावा." आई मान खाली घालून गेली. महिन्याभराने मुलगी यायची बंद झाली. हजेरीपटावर मी तिच्या नावापुढे आडवी रेघ मारली.

सुमारे वीस वर्षांनी इंदापूरच्या एस.टी. स्थानकावर कडेवर मूल घेतलेली एक बाई माझ्या पाया पडली. मी ओळखले नाही. तिने नाव सांगितले, मग ओळखले. गाडी लागायला अवकाश होता. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "बाई, तवा मला तुमास्नी सांगायचं हुतं. पर तुमी रागावला." मग काय सांगायचे होते ते तिने सांगितले. ते मी येथे सांगणार नाही; ते तिचे आहे. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

तिने सांगितले नव्हते असे मी इतकी वर्षे समजत होते. वास्तविक ती रोज सांगत होती. गाणे बंद झाले ते सांगणेच होते, ओला झगा सांगत होता, पदर धरणे सांगत होते. मला ती भाषा येत नव्हती.

आता जरा मागे जाऊ. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची कल्पना. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. १९७५ साली गांधीजयंतीला सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि आज तो शब्द गावोगावच्या पाटीवर आहे. आमच्या बालवाडीत दिवसाची सुरुवात पाढ्यांनी होत नसे. आधी नखे पाहायची, केस विंचरायचे, तोंड धुवायचे. आज तुम्ही दरमहा मुलाचे वजन करता, उंची घेता, खाऊ घालता, शी-शूला नेता. डॉक्टर मुलाला आजारपणात पाहतो, शिक्षक सहा वर्षांनंतर पाहतो. आईखेरीज मुलाचे अंग, त्याची भूक, त्याचे रडणे रोज पाहणारी बाई गावात एकच, ती म्हणजे सेविका. म्हणून हे ओझे तुमच्यावर येते. मानधनाच्या मानाने ते फार आहे, हे मला ठाऊक आहे.

तर काय पाहायचे? प्रथम साध्या गोष्टी सांगते.

मूल पडते तेव्हा त्याचे हाडाचे भाग लागतात: गुडघा, नडगी, कोपर, कपाळ, हनुवटी. पळणाऱ्या पोराच्या नडग्या फुटलेल्या नसतील तरच नवल! परंतु कानामागे, गालाच्या मऊ भागावर, दंडाच्या आतल्या बाजूस, पोटावर, कुल्ल्यांवर, मांडीच्या आत वळ किंवा काळेनिळे दिसले तर विचार करावा. पडून तेथे सहसा लागत नाही. वळाला आकार असेल, म्हणजे बोटे उमटली असतील, पट्ट्याची किंवा दोरीची रेघ असेल, तर तो आकारच बोलतो. भाजण्याचेही तसेच. अंगावर चहा सांडला तर डाग वेडावाकडा, ओघळलेला असतो. उलथन्याचा किंवा विडीचा चटका रेखल्यासारखा असतो. रांगू न लागलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर काळेनिळे असेल तर ते नेहमीच गंभीर मानावे, कारण ते मूल आपणहून कोठे जाऊन पडत नाही.

येथे एक सावधगिरी. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतो. तो महिनोन्महिने तसाच दिसतो आणि मोठेपणी बहुधा जातो. त्यास मार समजून कोणा गरीब आईवर आळ घेऊ नका. माराचे निळे आठपंधरा दिवसांत रंग पालटते, हिरवट-पिवळे होऊन जाते. जन्मखूण पालटत नाही.

आता जे बोलायला जड जाते ते. लघवीला जळजळ, बसताना दुखणे, चड्डीवर रक्ताचा किंवा स्रावाचा डाग, तेथे वारंवार खाज किंवा सूज: यांतले काही दिसले तर "जंत झाले असतील" म्हणून सोडून देऊ नये. जंत असतीलही, परंतु ते डॉक्टरने सांगावे. वागण्यात तर मूल अधिक सांगते. ज्याचे शी-शूचे वळण पुरते बसले होते ते पुन्हा कपडे ओले करू लागते. बोलके मूल मुके होते, किंवा शांत मूल चावरे होते. रात्री झोप नसते म्हणून अंगणवाडीत पेंगते. एखाद्या विशिष्ट माणसाला, विशिष्ट खोलीला, न्हाणीला भिते. चड्डी बदलू देत नाही. बाहुलाबाहुलीच्या खेळात चार वर्षांच्या मुलाला ठाऊक असण्याचे कारण नाही असे काही पुनःपुन्हा करून दाखविते. मुले एकमेकांचे अंग कुतूहलाने पाहतात, तो वयाचा धर्म आहे आणि त्यावर ओरडू नये. परंतु मोठ्या माणसाचे वागणे मुलाच्या खेळात उतरले असेल तर ते कोठून आले, हा प्रश्न पडलाच पाहिजे.

यांतले एखादे लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. घरात पाठचे भावंड आले, आजी वारली, वडील पिऊन आईला मारू लागले, तरीही मूल पुन्हा अंथरूण ओले करते. एका लक्षणावरून निवाडा करणारी सेविका मला नको आहे. पण दोन-तीन लक्षणे एकत्र दिसतात, अचानक दिसतात आणि टिकतात, तेव्हा वहीत तारीख घालून लिहून ठेवणारी सेविका मला हवी आहे.

आणि हे केवळ मुलींचे पाहू नका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने देशातल्या १३ राज्यांत केलेली मोठी पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. १२,४४७ मुलांना विचारले. त्यांत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा थोडी जास्तच होती. छळणारी माणसे पुष्कळदा ओळखीची, विश्वासातली होती. आपण मुलांना काय शिकवितो? अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस. ठीक आहे, शिकवावे. परंतु मामाने, दादाने, शेजारच्या आजोबाने दिलेल्या खाऊचे काय?

मुलांना आपण शब्दही देत नाही. नाक कोठे, कान कोठे, डोळे कोठे, हे गाणे प्रत्येक अंगणवाडीत होते. गाणे पोटापर्यंत येते आणि तेथून एकदम गुडघ्यावर उडी मारते! मधल्या भागाला नावच नाही. ज्या अवयवाला नाव नाही त्याची तक्रार मुलाने कशी करावी? "शू ची जागा, शी ची जागा, ती आपली आपण धुवायची, आईने किंवा डॉक्टरने आईसमोर पाहायची, दुसऱ्या कोणी हात लावला तर ओरडायचे आणि सांगायचे" एवढे साधे बोल तिसऱ्या वर्षापासून सांगता येतात. सांगताना आपण लाजलो तर मूल लाजायला शिकते, आणि मग सांगत नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांची एक खास गोष्ट. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, जिकडे जाल तिकडे कोप्या उठतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात दोघे फडावर जातात आणि कोपीत तान्हे मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात राहते. कोपीला दार नाही, कडी नाही. हे मूल चार-पाच महिने तुमच्या अंगणवाडीत येऊन बसते. त्याचे नाव दुसऱ्या गावच्या पटावर असते. "ती तर पाडव्याला जाणार" असे आपण म्हणतो आणि त्याच्याकडे अर्ध्या डोळ्याने पाहतो. ज्याला कोणी नीट पाहत नाही ते मूल कोणाच्या नजरेत भरते, हे मी सांगायला नको.

येथेही दोन बाजू आहेत. मूल मळके आहे, भुकेले आहे, एकटे सोडले आहे, एवढ्यावरून आईबापांना निर्दय म्हणू नका. पोटासाठी सोडून जाणे आणि घरी असून हेळसांड करणे यांत अंतर आहे. पहिलीला पाळणाघर पाहिजे, पोलीस नव्हे. पण एवढे समजून घेतल्यावरही त्या मुलाच्या अंगावर खूण दिसली तर ती गावच्या मुलाच्या खुणेइतकीच मोठी आहे. प्रकार बीडला घडला की इंदापूरला, म्हणून कोणी तुम्हाला परत पाठवू शकत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अशा गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात घ्यावी असे स्पष्टच म्हटले आहे. आणि टोळीवाल्यांच्या वस्तीत असे फार होते असेही समजू नका. बंगल्यातली पोरे फक्त उशिरा उघड होतात.

मूल बोलू लागले तर काय करावे? ऐकावे. त्याच्या उंचीला खाली बसावे, चेहऱ्यावर घाबरल्याचे दिसू देऊ नये. "काकाने हात लावला का?" असे आपण होऊन नाव घालून विचारू नये, मूल मोठ्यांना बरे वाटावे म्हणून हो म्हणते, आणि पुढे कोर्टात तेच उलटते. "मग काय झालं?" एवढेच म्हणावे. "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते आपल्याला पाळता येत नाही. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझं काही चुकलं नाही" हे मात्र सांगावे, आणि दोनदा सांगावे. मग मुलाचेच शब्द, जसेच्या तसे, लिहून ठेवावेत. मुख्यसेविकेसमोर, सरपंचांसमोर, शेजारणींसमोर त्याला पुनःपुन्हा बोलायला लावू नये. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून समोरासमोर करण्याची आपल्याकडची जी रीत आहे, ती तर मुळीच नको. चौकशी करणे हे आपले काम नव्हे.

आपले काम खबर देण्याचे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने हे काम ऐच्छिक ठेवलेले नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाला आहे असे ज्याला कळले, किंवा होईल अशी धास्ती वाटली, त्याने पोलिसांना सांगितलेच पाहिजे. न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे झाकले तर वर्षापर्यंत. उलट प्रामाणिकपणे खबर दिली आणि पुढे काही निघाले नाही, तर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. ही भीती पुष्कळ जणींच्या मनात असते म्हणून मुद्दाम सांगते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे घ्यायचा असतो, होईल तेथवर स्त्री अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची. तातडीच्या उपचाराला कागद आधी मागता येत नाहीत, मग ते बारामतीचे उपजिल्हा रुग्णालय असो की गावचे आरोग्य केंद्र. मुलाचे नाव-गाव छापता येत नाही, व्हॉट्सॲपवर फिरविता येत नाही. पुष्कळ सज्जन माणसे कळवळ्यापोटी हाच गुन्हा करतात. मारहाण, उपासमार, हेळसांड असेल तर २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. आणि कोठे जायचे सुचलेच नाही तर १०९८ हा फोन दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत.

कायदा असूनही काय होते ते आपण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात पाहिले. शिशुवर्गातल्या दोन मुली, वय चारच्या आसपास. अत्याचार करणारा शाळेतला सफाई कामगार असल्याचा आरोप झाला. शाळेला जायला नको म्हणणे, दुखते म्हणणे, यांतूनच घरच्यांना कळले. पोलिसांत गेल्यावरही गुन्हा नोंदायला कित्येक तास गेले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या अडल्या, उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, आणि वेळीच खबर न दिल्याबद्दल शाळा चालविणाऱ्यांवरही गुन्हा लागला. मला त्या बातम्यांतले रुळांवरचे हजारो लोक आठवत नाहीत. "शाळेत नको" एवढे म्हणणारी पोरगीच आठवते. हे वाक्य मी ऐकले होते, फक्त उलट्या बाजूने: "मला नगं घरी."

येथवर सेविकांना सांगून झाले. आता मंडळाच्या भगिनींशी बोलते.

सेविका त्याच गावची असते, तसा नियमच आहे. त्यामुळे ती प्रत्येक घर ओळखते. आणि त्यामुळेच तिचे तोंड बांधलेले असते. ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो तिचा भावकीतला असतो, ज्याच्या रानात तिचा नवरा कामाला जातो तो असतो, किंवा ज्याच्या सहीवाचून अंगणवाडीचे पत्रे बदलत नाहीत तो असतो. ती एकटी पोलीस ठाण्याची पायरी चढली तर दुसऱ्या दिवसापासून तिच्या पाणवठ्यावर कोणी बोलत नाही. मग पंच बसतात, "पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे" म्हणतात, काही रक्कम ठरते आणि मिटते. मिटते म्हणजे पोरीखेरीज सर्वांचे मिटते. अशा वेळी सेविकेबरोबर ठाण्यावर बसायला दोन बाया मिळाल्या तर केवढा फरक पडेल! मी एकटी होते असे सांगून माझी चूक मला झाकायची नाही. माझी चूक कान नसण्याची होती. पण आज कान असलेल्या सेविका आहेत आणि त्यांना सोबत नाही.

म्हणून माझे मागणे. मंडळाने चार-पाच जणींची नावे द्यावीत. सेविकेने हाक मारली की त्यांनी तिच्याबरोबर जायचे, मध्यरात्र असली तरी. बोलायचे काही नाही, नुसते बसायचे. त्यांनी त्या मुलाविषयी कोणाशी, नवऱ्याशीसुद्धा, अक्षर काढायचे नाही. ही अट कठीण आहे हे मी जाणते, आपण बायका आहोत आणि पुरुष तर आपल्याहून अधिक बोलतात.

दुसरे मागणे लहान आहे. प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर १०९८ हा आकडा मोठा रंगवून घ्यायचा. परवा एका गावी तो रंगविलेला पाहिला, तर पार छताशी, फळ्याच्याही वर. साहेब आले की दिसावा म्हणून! तो दाराबाहेर, आया मुलांना न्यायला येऊन उभ्या राहतात तेथे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला पाहिजे. आणि कोपीच्या वस्तीकडे तोंड असलेल्या भिंतीवरही पाहिजे. रंगाचा खर्च मंडळाने उचलावा. भिंती मी दाखवीन, टोळ्या यायच्या आत काम व्हावे.